देवानंद माइकवाल्याचं तोंड

वऱ्हाडात माणूस मेला की त्याला चांगलं केल्याशिवाय लोक घरी जात नाहीत. सरणाला अग्नी दिला की मंडळी मोक्षधामातल्या टिनाच्या शेडखाली बसतात आणि शोकसभा सुरू होते. आजी सरपंच बोलतो, माजी सरपंच बोलतो, आणि पुढच्या खेपेला सरपंच व्हायची ज्याला हौस असते तो तर सगळ्यांत जास्त बोलतो. जन्मभर बायकोला बडवणारा तिथे कुटुंबवत्सल होतो, शेजाऱ्याच्या शेताचा धुरा कोरणारा दिलदार होतो, आणि ज्याच्या दारावरून जाताना लोक थुंकत त्याच्या जाण्याने समाजाची कधीही भरून न निघणारी हानी होते. मागे सरण पेटलेलं असतं म्हणून बरं. नाहीतर मेलेला माणूसच उठून विचारायचा, हे कोणाबद्दल चाललंय.

या सगळ्या थापा मूर्तिजापुरात आणि आजूबाजूच्या खेड्यांत ज्याच्या माइकमधून जायच्या तो देवानंद गावंडे. लग्न, बारसं, भागवत सप्ताह, प्रचारसभा, शोकसभा, जिथे कुठे चार माणसांना ऐकू जाईल असं बोलायचं असेल तिथे देवानंदचा ऑटो, दोन भोंगे आणि एक मशीन हजर असायचं. माइक उभा करायचा, त्याला दोन टिचक्या मारायच्या आणि बाजूला खुर्ची टाकून बसायचं. लग्नात बसलेला देवानंद आणि मोक्षधामात बसलेला देवानंद यांचे फोटो शेजारी ठेवले असते तर कोणता कुठला हे त्याच्या सख्ख्या आईला सांगता आलं नसतं. लांबट तोंड, खाली ओघळलेल्या मिशा, आणि डोळे असे की समोरच्याचं बोलणं पटलं की नाही याचा त्यात पत्ता लागत नसे. लोकांना वाटायचं, फार खोल माणूस आहे. खोल बिल काही नव्हतं. त्याला विनोद कळतच नसे. कोणी चुटका सांगितला की तो शेवटपर्यंत मन लावून ऐकायचा, आणि सगळे हसून थांबले की विचारायचा, "मंग त्या मान्साचं काय झालं?"

आणि खोटं बोलणं त्याला जमत नसे. त्यामागे तत्त्व वगैरे काही नव्हतं. तत्त्वाची माणसं वेगळी, ती तत्त्व सांगत फिरतात. याला फक्त सुचायचं नाही. जे आहे ते सोडून दुसरं काही बोलायचं म्हणजे आधी ते मनात जुळवावं लागतं, आणि तेवढी खटपट करण्याचा त्याचा पिंड नव्हता.

पौर्णिमाने त्याला पसंत केलं ते याच्यासाठीच. ती तिवशाची. तिच्या मोठ्या बहिणीच्या वेळी नवरामुलगा तलाठी आहे असं सांगितलं होतं. लग्न झाल्यावर कळलं, तो तलाठ्याच्या ऑफिससमोर झेरॉक्स काढून देतो. तेव्हापासून पाहुणे गोड बोलायला लागले की पौर्णिमा सावध व्हायची. देवानंदचा मामा तर नुसता साखरेत घोळलेला होता. मुलाची आठ एकर काळीभोर जमीन आहे, साउंडचा मोठा बिझनेस आहे, अकोल्यापर्यंत नाव आहे, असं त्याने सुरू केलं. देवानंदने पोह्यांची बशी खाली ठेवली.

"चार आहे," तो म्हणाला. "त्यातली एक नाल्याकडची. तिच्यात काही होत नाही."

मामाला ठसका लागला. पौर्णिमाच्या वडिलांनी घाईघाईने व्यसनाचं विचारलं. पान खातो, तंबाखू खात होतो ती सोडली, पुन्हा लागेल की नाही ते आज सांगता येत नाही, असं उत्तर मिळालं. मामाने कपाळाला हात लावला. दाराआड उभ्या असलेल्या पौर्णिमाने मात्र तिथल्या तिथे मनातल्या मनात अक्षता टाकून घेतल्या.

संसार झाला तो तसाच झाला. नवी साडी नेसून तिने कशी दिसते म्हणून विचारलं तर साडी चांगली आहे असं म्हणायचा, आणि मी कशी दिसते म्हणून विचारलं तर जाडी झालीस म्हणायचा. ती चार दिवस धुसफुसायची. पण शेजारणींचे मधाळ नवरे पाहिले की तिला स्वतःचा हेवा वाटे. त्या बिचाऱ्यांना नवऱ्याचं तोंड रोज वाचावं लागे. कुठून आले, कोणासोबत होते, हसले ते काहून हसले, गप आहेत ते काहून गप आहेत. पौर्णिमाला देवानंदचं तोंड वाचायची गरजच पडली नाही. तो येतो म्हणाला की यायचा, नाही म्हणाला की नाही. एकच मुलगा झाला, शिवम, तो शिकून पुण्याला नोकरीला लागला, घरावर स्लॅब पडला, सासू गेली, आणि या सगळ्यात नवऱ्याला एक गोष्ट दोनदा विचारायची पाळी तिच्यावर आली नाही. याचा तिला माज होता, आणि तो तिला शोभत होता.

मग खुशालराव मेले.

खुशालराव शेजारच्या गावचे जुने सरपंच. आमदार येणार म्हणून शोकसभा ताणून धरली होती. सगळ्यांचं बोलून झालं, एकाचं तर दोनदा झालं, आणि आमदारांची गाडी काही येईना. लोक उठायला लागले तसं कोणीतरी देवानंदला म्हणालं, माइक तुझ्याच हातात आहे, तूच दोन शब्द बोल. देवानंद उठला. दोन टिचक्या मारल्या. त्याला खुशालरावांबद्दल जे ठाऊक होतं ते त्याने सांगितलं.

"खुशालराव पंधरा वर्सं सरपंच होते. त्याईनं कोनाले नाही म्हनलं नाही. पाहू म्हनत. लोक अजून पाहून राहिले. त्याईनं पान्याची टाकी बांधली. तिच्यात पानी चढलं नाही, म्हनून ती नव्यासारखी आहे. सारं गाव ते आपलं समजत. गायरान तं त्याईनं सातबाऱ्यावर बी आपलं करून घेतलं. ते गेल्यापासून गावात भांडन नाही. कालपासून."

पहिल्या रांगेतल्यांनी खांद्यावरचे दुपट्टे तोंडात कोंबले. त्यांचे खांदे गदगदा हलायला लागले, आणि मागून पाहणाऱ्या खुशालरावांच्या मुलाला वाटलं, आपल्या बाबावर लोकांचं केवढं प्रेम. कोणीतरी मोबाइलमध्ये सगळं टिपलं. संध्याकाळपर्यंत ते अकोल्यात पोचलं, सकाळी अमरावतीत. घरी आल्यावर पौर्णिमाने विचारलं की लोक एवढे काहून हसून राहिले. देवानंद म्हणाला, "मले काय मालूम. खरं बोललं का हासतात."

हे वाक्य त्याने कुठेतरी कोरून ठेवायला हवं होतं. त्याऐवजी नितेश आला.

नितेश अमरावतीचा. सावलीत बसला तरी गॉगल डोक्यावर, आणि दर दुसऱ्या वाक्याला 'कंटेंट'. त्याचं मोबाइलवर वऱ्हाडी विनोदाचं चॅनल होतं. त्याच्या लेखी वऱ्हाडी विनोद म्हणजे चार शिव्या आणि धोतर सुटलेला म्हातारा. देवानंदला पाहिल्यावर मात्र त्याच्या टाळक्यात एक खरीच कल्पना आली, आणि अशा माणसाच्या टाळक्यात खरी कल्पना येणं हे धोक्याचंच. त्याने 'जिवंतपणीची शोकसभा' काढली. वाढदिवस असो, सेवानिवृत्ती असो की दुकानाचं उद्घाटन, ज्याचा कार्यक्रम त्याला हार घालून खुर्चीत बसवायचं आणि शेजारी माइक लावून देवानंदने त्याला श्रद्धांजली वाहायची.

सुरुवातीला मजा होती, हे कबूल करावं लागेल. देवानंद अगोदर जाऊन शेजाऱ्यापाजाऱ्यांना, घरच्या गड्याला, कामवालीला विचारून यायचा आणि जे कळेल ते जसंच्या तसं सांगायचा. अमरावतीच्या एका प्राध्यापकाबद्दल तो एवढंच बोलला, "सरांनी तीस वर्सं शिकवलं. तेच." सभागृह खुर्च्यांवरून खाली आलं. सरही हसले, कारण न हसून सांगतात कोणाला. दुसऱ्याच्या खऱ्यावर माणूस पोट धरून हसतो. आपल्या खऱ्याची पाळी येईपर्यंत त्याच्याइतका रसिक कोणी नाही. लवकरच वर्तमानपत्रात देवानंदचा उल्लेख 'विदर्भाचा गंभीर विनोदवीर' असा होऊ लागला, आणि ज्याला तीस वर्षं तेच शिकवल्याचं ऐकावं लागलं होतं त्या प्राध्यापकाने त्याच्या निर्विकार चेहऱ्यावर एक लांबलचक लेख लिहिला. देवानंदने तो वाचला आणि पौर्णिमाला विचारलं, हे माझ्याबद्दलच आहे का.

घरात शाली आल्या. नारळ आले. नारळांची चटणी करून करून पौर्णिमाचे हात दुखून आले, आणि शाली तिने माहेरच्या नात्यात वाटून टाकल्या. तिला या प्रकरणाचं हसू येई, पण आतून बरंही वाटे. एवढी वर्षं जे फक्त तिला माहीत होतं ते आता सगळ्या वऱ्हाडाला कळत होतं.

पण खऱ्याला गिऱ्हाईक असतं ते दुसऱ्याच्या घरी. एका कापडवाल्याने श्रद्धांजली ऐकून केकही न कापता सभा आवरली. एका डॉक्टरच्या बायकोने भर कार्यक्रमात माइकची वायर उपटली. नितेशने देवानंदला समजावलं की काका, आता आपण प्रोफेशनल झालो, आता कागदावर लिहिलेलं बोलायचं. देवानंदने विचारलं, त्यात खरं असेल का. नितेश म्हणाला, खऱ्यासारखं असेल.

असा पहिला कागद निघाला उत्तमरावांच्या वाढदिवसाला. उत्तमराव म्हणजे अकोल्याचं बडं प्रस्थ, दोन शिक्षणसंस्था, एक सूतगिरणी, आणि प्रत्येक चौकात हात जोडलेला फोटो. एका मोठ्या मंगल कार्यालयात दुपारचा कार्यक्रम होता. पौर्णिमाला पुढच्या रांगेत बायकांच्या बाजूला बसवलं होतं. देवानंद माइकपाशी आला. टिचक्या मारल्या. तेच लांबट तोंड, त्याच मिशा.

"साहेबांत लय दोष आहेत," तो म्हणाला, आणि सभागृहाने श्वास रोखला. "एक, ते सोताच्या तब्येतीकडं लक्ष देत नाहीत. दोन, घरच्याईले वेळ देत नाहीत. तीन, ते न बोलावता येतात. बाया पान्यासाठी उन्हात बसल्या असं कानावर आलं का हा मानूस जेवत्या ताटावरून उठते."

टाळ्या थांबेनात. उत्तमराव डोळे पुसत होते. पौर्णिमाच्या शेजारची बाई तिच्या मांडीवर थाप मारून म्हणाली, एवढ्या मोठ्या माणसाच्या तोंडावर खरं बोलायला वाघाचं काळीज लागतं, बाई, नशीबवान आहेस.

पौर्णिमाचे टाळ्या वाजवणारे हात थांबले. उन्हात बसलेल्या त्या बायांत ती स्वतः होती. दोन उन्हाळ्यांमागे त्यांच्या वस्तीत नळाला पाणी नव्हतं, उत्तमराव ऐकून घ्यायला येणार होते, आणि सगळ्या बाया पाण्याच्या रिकाम्या गुंड्या पुढे मांडून मांडवाबाहेर उन्हात बसल्या होत्या. माइक देवानंदचाच होता. ऊन उतरलं, एक म्हातारी चक्कर येऊन पडली, आणि साहेब काही आले नाहीत. साहेब तेव्हा शेजारच्या गावात लग्नाच्या पंगतीत बसून जिलबी खात होते, आणि ही बातमी घरी आणून सांगणारा दुसरा कोणी नव्हता, देवानंदच होता.

नितेशच्या गाडीतून परत येताना बोरगाव मागे पडलं. मग तिने विचारलं, "त्या दिवशी साहेब कुठं होते?"

"लग्नात जेवत होते."

"मंग?"

"ते कागदावर होतं. काम आहे ते, पौर्णिमे."

"काम असू द्या. पन खोटं बोलतानी तुमचं तोंड तसंच्या तसं काहून राहिलं?"

"तेच तं पाह्यजे त्याईले," तो म्हणाला. हे उत्तर खरं होतं. त्याच्याकडून मिळालेल्या शेवटच्या काही खऱ्या उत्तरांपैकी ते एक असावं, पण तेही पौर्णिमाला पुढे खात्रीने सांगता आलं नाही.

दुसऱ्या कोणाला यात काही मोठं वाटलं नसतं. नट खोटं बोलतो, त्याला दाद मिळते, बाजारात हेच चालतं. पण पौर्णिमाच्या हातातून त्या दुपारी तिची सगळी कमाई गेली. इतरांचे नवरे खोटं बोलताना कुठेतरी दिसून येतात. कोणी नाक खाजवतो, कोणी आवाज चढवतो, कोणी उगाच लाडात येतो. बायका ते ओळखतात आणि त्यावर निभावून नेतात. देवानंदच्या तोंडावर खऱ्याचीही खूण नव्हती आणि खोट्याचीही नव्हती. मग आजवरचं जे खरं होतं ते खरं होतं कशावरून? ती भाकरी थापता थापता थांबायची आणि लग्नापासूनची एकेक वाक्यं उलटून पाहायची. नाल्याकडच्या त्या एका एकराचीसुद्धा तिला शंका यायला लागली.

त्यानंतर सिनेमा आला. पुण्याची मंडळी होती. वऱ्हाडी हवालदार हवा म्हणून देवानंदला नेलं, आणि ज्या दिग्दर्शकाने वऱ्हाडात कधी पाय ठेवला नव्हता त्याने त्याला वऱ्हाडी शिकवली. प्रत्येक वाक्यात 'लय भारी' आणि प्रत्येक वाक्याच्या शेवटी 'बे'. आमी असं बोलत नाही, असं देवानंद म्हणाला. प्रेक्षकांना तुम्ही असंच बोलता असं वाटतं, असं उत्तर मिळालं, आणि देवानंद तसं बोलला. वर त्याला अभिनयाच्या शिबिरात घातलं. तिथे पोनीटेल बांधलेल्या एका गुरुजींनी सांगितलं की तुमचा चेहरा हे देवाचं देणं आहे, त्याच्या मागे काहीही ठेवता येतं, फक्त रोज रियाज करा. रियाज म्हणजे आरशासमोर उभं राहून जे नाही ते आहे म्हणायचं.

देवानंदला आयुष्यात कोणी पहिल्यांदाच सांगितलं होतं की तुझ्यात काही आहे. ते त्याच्या डोक्यात गेलं. मूर्तिजापूरच्या घरात बाथरूमच्या दाराआडून पौर्णिमाला ऐकू यायचं, "आज पाऊस आला. माही आई जिवंत आहे. मले चहा आवडत नाही." एकाच सुरात, न अडखळता. ती बाहेर उभी राहून शहारायची.

सिनेमा लागला. त्यात देवानंद दिसला तो प्रेक्षक बाहेरून समोसा घेऊन येईपर्यंत संपला, पण गावाने बॅनर लावलं आणि सत्कार केला. आणि मग सगळ्यांत ओंगळ प्रकार सुरू झाला. ज्या शोकसभांत तो खुर्ची टाकून बसायचा तिथे त्याला बोलण्यासाठी मानाने बोलावू लागले. खऱ्याखुऱ्या मेलेल्या माणसांसाठी. घरची मंडळी कागद द्यायची आणि देवानंद कधीही भरून न निघणारी पोकळी भरून द्यायचा. इतरांनी म्हटलं तर लोक मोबाइल पाहत बसायचे. देवानंदने म्हटलं की बाया पदर डोळ्यांना लावायच्या. देवानंद म्हणतो म्हणजे माणूस खरंच चांगला असेल, असं म्हणत लोक घरी जायचे. एवढी वर्षं सगळ्या पुढाऱ्यांना मिळून जे जमलं नव्हतं ते एका माइकवाल्याने करून दाखवलं. थापेला त्याने विश्वास मिळवून दिला.

घरातही ते शिरलंच. जेवून आलो म्हणायचा आणि थोड्या वेळाने डब्यात हात घालताना दिसायचा. तुझ्या भावाला फोन केला म्हणायचा, आणि भाऊ म्हणायचा, नाही बाई, भाऊजींचा फोन नाही. मोठं काही नव्हतं. रियाज होता, सवय लागली होती, आणि खोटं बोलायला आता काही खटपट पडत नव्हती. एक दिवस तिने मुद्दाम वरणात मीठ घातलं नाही. देवानंद दोन वाट्या वरण जेवला.

"कसं झालं?"

"मस्त झालं," तो म्हणाला.

एवढ्या वर्षांत त्याने तिच्या स्वयंपाकाला मस्त म्हटलं नव्हतं. लग्नानंतर पहिल्या वर्षी हा शब्द ऐकायला ती तरसली होती. आता ऐकला आणि तिला भीती वाटली. तिने ताटं उचलली आणि मोरीपाशी जाऊन उभी राहिली. तिला त्याचा राग आला, नितेशचा आला, पुण्याच्या त्या पोनीटेलचा आला, आणि टाळ्या पिटणाऱ्या सगळ्या लोकांचा आला, ज्यांना हसायला एक खरा माणूस मिळाला होता आणि त्यांनी तो हसून हसून संपवला होता.

पुढच्या हिवाळ्यात तिच्या काखेत गाठ लागली. मूर्तिजापूरच्या डॉक्टरने अमरावतीला जा म्हटलं. तिथल्या मोठ्या दवाखान्यात गाठ काढली आणि तपासायला पाठवली. शिवमला एवढ्यात कळवायचं नाही, असं तिने ठरवलं. बायांच्या वॉर्डात ती पडून होती, आणि देवानंद नारळपाणी आणायला गेला की वाटेत तीन जण त्याच्यासोबत फोटो काढून घ्यायचे. पेशंटचे नातेवाईक त्याला ओळखायचे. एका बाईने तर आपल्या आजारी सासूला उठवून बसवलं, पाहा, तो शोकसभावाला. सासूने जी काय नजर टाकली ती बरोबर होती.

शेजारच्या खाटेवर बार्शीटाकळीकडच्या पार्बताबाईंची सून होती. पार्बताबाई सुनेपाशी बसून दिवसभर ज्वारीच्या भाकरीचा काला कालवायच्या आणि सगळ्या वॉर्डाला वाटायच्या. त्यांच्याकडे मोबाइल नव्हता. देवानंद कोण हे त्यांना माहीत नव्हतं, आणि कळल्यावरही त्यांनी एवढंच विचारलं की मग शेती कोण पाहतं.

तपासणीचं कळणार त्या दिवशी देवानंद डॉक्टरीणबाईंच्या खोलीत गेला. पौर्णिमा दाराकडे डोळे लावून होती. तो येताना दिसला. तेच लांबट तोंड, त्याच मिशा, काही म्हणता काही नाही. खाटेपाशी येऊन उभा राहिला.

"साधी गाठ आहे," तो म्हणाला. "काही निघालं नाही."

पलीकडच्या खाटेपाशी भेटायला आलेली दोन माणसं हसली. पुढे तो काय म्हणतो याची वाट पाहत ती दोघं मान लांब करून बसली. देवानंदने खाटेजवळच्या टेबलावरचा नारळपाण्याचा ग्लास उचलून बायकोपुढे धरला.

पौर्णिमाने त्याच्याकडे पाहिलं. खूप वेळ पाहिलं. या तोंडाच्या भरवशावर तिने घर सोडलं होतं, मूल वाढवलं होतं, सासूचं शेवटचं दुखणं काढलं होतं. आता तिला त्या तोंडाकडून एवढंच हवं होतं, ती जगणार की मरणार. आणि ते तोंड तिला काही सांगत नव्हतं. खरं असेल. दया असेल. रियाज असेल.

ती शेजारी वळली. "मावशी," ती पार्बताबाईंना म्हणाली, "तुमी एक डाव डॉक्टरीनबाईले इचारून येता का, माह्या गाठीचं काय निघालं?"

पार्बताबाई गोंधळल्या. "तुहा मालक सांगून तं राहिला, बाई."

"त्याईचं राहू द्या. तुमी जा."

देवानंद तिथेच उभा होता. त्याने ऐकलं. यात हसण्यासारखं काय आहे हे हसणाऱ्या त्या दोन माणसांनाही सापडेना. पार्बताबाईंनी हात पदराला पुसले आणि चपला शोधून, वाटेत दोघांना खोली विचारत, त्या गेल्या. देवानंदने नारळपाण्याचा ग्लास टेबलावर ठेवला, पुन्हा उचलला, पुन्हा ठेवला. बायकोकडे पाहण्याऐवजी तो दाराकडे पाहू लागला, जणू बातमी त्यालाही ठाऊक नव्हती.

पार्बताबाई परत आल्या त्या लांबूनच मान हलवत. "साधीच गाठ आहे म्हन्ते डॉक्टरीन," त्यांनी सांगितलं. "टाके सुकले का घरी जाय म्हन्ते. काही भेव नाही, बाई."

पौर्णिमाने त्यांचा हात धरला आणि तिला रडू फुटलं. इतके दिवस कोंडून ठेवलेलं सगळं तिने त्या अनोळखी म्हातारीच्या मनगटावर डोकं टेकून बाहेर काढलं. पार्बताबाई तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या.

रडणं ओसरल्यावर देवानंद म्हणाला, "मी बी तेच म्हनलो होतो."

"म्हनले असान," पौर्णिमा म्हणाली.